पिण्याला गोड, औषधाला जड

आबाजी,

गावच्या शाळेच्या स्मरणिकेत मी तुमच्यावर लेख लिहिला, त्यात एक वाक्य चुकलं आहे. ‘दवाखान्याच्या अंगणातल्या विहिरीचं पाणी पिण्याला गोड असलं तरी औषधाला जड होतं, म्हणून गावातले लोक औषधासाठी घरूनच बाटलीत पाणी भरून आणत,’ असं ते वाक्य आहे. पाणी जड नव्हतं. पिण्यालाही नव्हतं आणि औषधालाही नव्हतं. लोक पाणी घरून आणत एवढं खरं, कारण खोटं. स्मरणिका एकदाच निघते, तिच्यात दुरुस्ती छापायची सोय नसते, म्हणून आधी ती तुमच्यापुढे करते आहे. चूक माझी, पण वाक्य तुमचं आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मला तुमची आठवण आली, रडू आलं, पण राग कधी आला नव्हता. आता आला आहे. तुम्ही समोर असता तर मी तुमच्याशी पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले असते.

माझी पहिली शाळा म्हणजे तुमचा दवाखाना. बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत, रविवारी येणार. गावात तुम्ही, आई आणि मी. सकाळी आई विहिरीवरून पाणी ओढून मडकी भरते आहे, आणि मी ओट्यावर कागद, कात्री आणि भाताच्या पेजेची खळ घेऊन बसले आहे. तुम्ही मिक्श्चरची बाटली माझ्याकडे सरकवता. “सहा डोस, बाई.” मी पट्टी दुमडते, आधी तीन भाग, मग त्यांचे सहा, कडेला कात्रीने खाचा पाडते आणि पट्टी बाटलीवर चिकटवते. पेशंटने एका वेळी एका खाचेपर्यंत प्यायचं. अपूर्णांक मी असे शिकले. अक्षरं औषधाच्या खोक्यांवरून शिकले, आणि वाक्यं तुमच्याकडून. तुम्ही पाटी तपासताना दर वेळी एकच सांगत होतात. “आयकलेलं लिहू नोको बाई. पाहिलं तेवढंच लिही.” मी तेच पाळत आले. फक्त तुम्ही सांगितलेलं मी ऐकीव धरलं नाही.

गावातून येणारे लोक पाण्याने भरलेली बाटली आणत. तुम्ही त्यातलं थोडं पाणी अंगणात ओतायचात, बरणीतलं औषध मापाने त्यात घालायचात आणि बूच लावायचात. टोलीतून येणारे लोक रिकामी बाटली आणत. टोली म्हणजे गावापासून भाताच्या दोन बांध्या सोडून असलेली आपल्या लोकांची वस्ती, आणि आपला दवाखाना गाव आणि टोली यांच्या मधोमध. टोलीच्या बाटलीत आपल्या मडक्यातलं पाणी जायचं. हा फरक मी पाहिला होता, आणि पाहिला तसा विचारलाही होता.

“आबाजी, गावचे लोक पानी काहून आनतात?”

“आपलं पानी पियाले गोड आहे बाई, पन औषधाले जड आहे. औषध तळाशी बसते.”

“मंग टोलीवाल्याइले काहून देता?”

“त्याइच्या जवळ दुसरं कोठं आहे?”

या दोन उत्तरांतलं दुसरं तेवढं खरं होतं, हे आता कळतं. पण तेव्हा मला टोलीच्या लोकांची फार कणव आली. त्यांना उणं औषध मिळतं आणि त्यांना ते ठाऊकही नाही, हे माझ्या मनाला लागून राहिलं. म्हणून टोलीची बाटली हातात आली की मी ती जास्त वेळ हलवायची. दंड दुखेपर्यंत हलवायची, म्हणजे जड पाण्यात औषध खाली बसणार नाही. एक म्हातारबुवा खोकल्याच्या औषधासाठी बसले होते. बराच वेळ माझ्याकडे पाहून म्हणाले, “डाक्टरसाहेब, तुमची नातीन बाटलीतून लोनी काढून राहिली का?” सगळे हसले. तुम्हीही हसलात. आबाजी, मी का हलवते आहे हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही हसलात आणि मला हलवू दिलंत.

लेखातलं बाकी सगळं बरोबर आहे असं मी वर लिहिणार होते. तुम्ही कोतवालाचे पोरगे, जमीनदार मालगुजारांची ढोरं राखलीत, मग नाकाडोंगरीकडे मॅंगनीजच्या खाणीवर मामाजवळ राहिलात, तिथल्या दवाखान्यात पट्ट्या गुंडाळता गुंडाळता शिकायची ओढ लागली, भंडाऱ्याला आणि मग नागपूरला शिकून एल.एम.पी. डॉक्टर झालात. नागपूरला राहता आलं असतं, तरी ज्या गावात तुमचा बाप लोकांच्या दारात बाहेर उभा राहून हाका मारायचा त्याच गावात येऊन पाटी लावलीत. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना नेहमीच्या वेळेला उघडलात. सायकलीवरून बपेऱ्यापर्यंत जात होतात, नदीपलीकडच्या मध्य प्रदेशातले पेशंट तुमची वाट पाहत बसायचे. साप चावलेल्या माणसाला बाजेवर घालून तुमसरला नेताना तुम्ही स्वतः खांदा दिलात. मोहाच्या दिवसांत कोणी पिऊन पडला की म्हणायचात, “मोह पडला तं फूल, मानूस पडला तं माहा पेशंट.” म्हातारपणी हात थरथरायला लागले, तरी नाडीवर बोट ठेवलं की ते स्थिर व्हायचे. हे सगळं मी पाहिलं आहे किंवा ज्यांनी पाहिलं त्यांना विचारून लिहिलं आहे.

पण आता लिहिता लिहिता दुसरी चूक सापडली. घरभेटीला गेलात की मोठ्या घरांच्या ओसरीवर तुमच्यासाठी वेगळी बाज टाकलेली असायची, तिला मी लेखात ‘मानाची बाज’ म्हटलं आहे. काही वेळा मी तुमच्या सायकलीवर पुढे बसून आलेली असायची. आपण निघालो की मागे बाजेवर पाणी ओतल्याचा आवाज यायचा. तुम्ही सायकलीवर बसायला उगाच वेळ लावत नव्हतात, मागेही पाहत नव्हतात. मी मागे पाहायची. मला त्यात काही वाटत नव्हतं, कारण रोग्याजवळचं सगळं धुवावं हे तुम्हीच गावाला शिकवलं होतं. मला वाटायचं, किती ऐकतात हे लोक तुमचं! मी तर लेखात तेही लिहिणार होते, गावाने स्वच्छता कशी अंगी बाणवली म्हणून. जागा पुरली नाही, नाहीतर तेही आज छापलेलं असतं.

आणि तो पावसाळा. मी सात-आठ वर्षांची असेन. गावात उलट्या-जुलाबाची साथ आहे, भाताची रोवणी सुरू आहे, अंगणात चिखल. मालगुजारांच्या घरचे मोठे त्यांच्या लहान पोरीला खांद्यावर टाकून धावत येतात. एरवी त्यांच्या घरून गडी यायचा, सोबत लख्ख घासलेल्या तांब्यात पाणी. त्या दिवशी गडी नाही, तांब्या नाही, पायात जोडाही नाही. “पाहा हो माही पोरगी, डोळे फिरवून राहिली!” पोरीचे डोळे खोल गेले आहेत, जीभ लाकडासारखी. तुम्ही मला म्हणता, “बाई, मडक्यातलं उकळलेलं पानी आन. मीठ आन, साखर आन.” मी आणते. तुम्ही कालवता, चमचा तिच्या ओठाशी नेता, आणि तिचे वडील तुमचं मनगट धरतात. पोरगी मरायला टेकली आहे आणि त्यांनी तुमचं मनगट धरलं आहे.

“डाक्टर, पानी कोठचं आहे?”

“तुमच्याच घरचं. काल तुमच्या मायच्या औषधाले आलं होतं, त्यातलं उरलं.”

त्यांनी हात सोडला. चमच्यामागून चमचा पाणी गेलं. दुपार कलताना पोरगी रडली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तुम्ही म्हणालात, आता भीती नाही. ते तिला घेऊन गेल्यावर मी तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही खोटं बोललात हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि खोटं बोलू नये हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

“आबाजी, ते आपल्या मडक्यातलं पानी होतं.”

“होतं.”

“तुमी त्याइले खोटं सांगलं.”

“ते पोरीचं औषध नव्हतं बाई, बापाचं होतं. त्याचा डोस वेगळा.”

“आन पानी जड नाही गेलं?”

“घाईत चालते.”

मी ते तसंच मानलं. घाबरलेल्या माणसाला मानवेल ते सांगावं, तोही एक डोस. लेखात मी हा प्रसंग तुमच्या हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून लिहायचं ठरवलं होतं, पण पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नाही हा तुमचा नियम आठवला आणि गाळला.

डिसेंबरात स्मरणिकेच्या कार्यक्रमाला गेले. तुम्हाला ते मालगुजारांच्या घरचे मोठे ओळखू येणार नाहीत, केस सगळे पांढरे झाले आहेत. आता तेच समितीचे अध्यक्ष आहेत. माइकवर म्हणाले, “डॉक्टरसाहेबांनी आयुष्यात कधी जातीभेद पाळला नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबाजी, मीही वाजवल्या! भेद पाळायचा की नाही हे जणू तुमच्या हातात होतं, आणि तुम्ही मोठ्या मनाने तो पाळला नाहीत. घरी येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही की हे वाक्य उलटं आहे.

कार्यक्रमानंतर त्यांनी मला प्रेमाने जवळ बोलावलं. खरंच प्रेमाने, मी उगाच काही जोडत नाही. दवाखान्याची जागा बाबांनी ग्रामपंचायतीला दिली आहे, तिथे तुमच्या नावाचं वाचनालय होणार आहे आणि रस्त्यावर तुमच्या नावाची कमान. “विहीर बुजवा लागन बाई, इमारतीच्या मधात येते. तसंही तिचं पानी काही कामाचं नाही. तूच तं लिहिलं ना.” माझा लेख त्यांनी ग्रामसभेच्या ठरावाच्या मसुद्याला जोडला आहे, त्या वाक्याखाली रेघ ओढून. बदल्यात नवी बोअरिंग मारून देणार आहेत, गावच्या चौकात, त्यांच्या घरासमोर. मी हो म्हटलं. आबाजी, मी म्हटलं, बरोबर आहे काका, पाणी जडच होतं.

तिथून मी आपलं जुनं अंगण पाहायला गेले. टोलीतली एक काकी पाणी ओढत होती. ही तीच, जिच्या तिन्ही बाळंतपणांना तुम्ही गेला होतात. तिने मला ओळखलं, गालावरून हात फिरवला. मी तिला आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं की आता तुम्हाला चांगलं पाणी मिळणार, हे जड पाणी प्यायला नको.

“जड?” तिने बादली काठावर टेकवली. “कोनाले जड?”

“औषधाले जड होतं ना. म्हनून तं गावचे लोक घरून पानी आनत होते.”

 ती हसायला लागली, पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता थांबली. “आमाले तं बापजन्मात जड नाही गेलं. जड तं त्याइले जात होतं माय. तुह्या आज्याचं औषध चाले, तुह्या आज्याचं पानी नाही चाले. एवढी शिकली, आन तुले हे नाही समजलं?” नंतर रिकाम्या दोराकडे पाहत म्हणाली, “चौकात आमी पानी भराले जाऊ तं पहिले सगळं गाव भरन, मंग आमाले म्हनतीन, या. इथं कोनाले इचारा नाही लागत.”

कोणाला न विचारता पाणी काढता येतं अशी टोलीची ती एकच विहीर आहे. ती माझ्या एका वाक्याने बुजते आहे.

एवढी शिकलेली असून मला का कळलं नाही, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. जात म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते मी वाचलं, भाषणांत ऐकलं, कॉलेजात सोसलंही. पण विहिरीची गोष्ट त्या सगळ्याच्या आधी, तुमच्या मांडीवर शिकलेली. ती माझ्या डोक्यात जातीच्या कप्प्यात नव्हतीच, रसायनशास्त्राच्या कप्प्यात होती. आणि तिथेही मी ती तपासली नाही. मी शाळेत सहावीच्या मुलांना दर वर्षी साबणाचा प्रयोग दाखवते, जड पाण्यात फेस होत नाही, चोथा होतो. आई त्याच विहिरीवर कपडे धुवायची आणि फेसाने दगड पांढरा व्हायचा, हे मी रोज पाहत होते. मी काकीकडून एक बाटली भरून घेतली, बाबांच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आणली, साबणाचा कीस टाकून हलवली. बूच उडेल एवढा फेस आला. टोलीच्या बाटल्या हलवायची तशीच हलवत होते मी, आणि रडत होते.

आई लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मी बाटली तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, तुला माहीत होतं? तुम्हाला ती अजूनही मामाजीच म्हणते. डाळ निवडत म्हणाली, “मामाजीनं सांगू नाही देल्लं. पोरीले मोठी होऊ दे म्हने.” मी म्हटलं, मी पंचवीस वर्षांची आहे. त्यावर ती जे बोलली ते मी विचारलं नव्हतं. म्हणाली, “तुह्या छातीलेही काही नव्हतं बाई.”

आबाजी, माझ्या छातीला काही नव्हतं? मला आठवतं ते एवढंच की मी शाळेत पहिल्याच आठवड्यात आजारी पडले, दुपारी घरी आले, तुम्ही बाहेरून आलात, स्टेथोस्कोप माझ्या छातीला लावला, तो थंडगार होता, आणि तुम्ही म्हणालात, “हिची छाती नाजूक आहे. काही दिवस घरीच शिकवू.” आई सांगते, मी आजारी नव्हतेच. मी शाळेच्या रांजणात स्वतःच्या हाताने पेला बुडवला होता. मास्तरांनी सगळा रांजण पोरांसमोर अंगणात पालथा केला आणि मला घरी धाडलं. तुम्ही शाळेत गेलात. काय बोललात ते तुम्ही आईलाही सांगितलं नाही. परत आलात आणि माझी छाती तपासलीत. त्या दिवसापासून मी नाजूक. पावसात जायचं नाही, तळ्यावर जायचं नाही, गळ्याला रुमाल. मोठी होऊन जवाहरनगरच्या शाळेत गेले तेव्हा मुली लंगडी खेळत आणि मी भिंतीशी उभी राहून आपला श्वास मोजत असे. आजही जिना चढताना मी मध्येच थांबते आणि ऐकते, घरघर येते का. रांजण त्यांनी उलटा केला, आणि आजार माझा ठरवलात तुम्ही!

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. सहा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं होतं? तू पाण्याला हात लावलास तर पाणी बाटतं, हे सांगायचं होतं? त्यापेक्षा छाती बरी. पाणी जड आहे हे बरं. ज्या गोष्टीने माणूस आतून खचतो ती तुम्ही माझ्यापासून लांब ठेवलीत, आणि तिच्याऐवजी अशी दोन कारणं दिलीत की ज्यांत कोणाचाच दोष नव्हता, फक्त विहिरीचा आणि माझा. मला हे समजतं. समजतं आणि तरी राग जात नाही. मी तुमची पेशंट नव्हते. त्या बापाला डोस दिलात, त्याची पोरगी वाचली. मला डोस कशासाठी दिलात? आणि सहाव्या वर्षी नाही तर चौदाव्या वर्षी तरी? तेव्हा तुम्ही होतात, शुद्धीवर होतात, तुमच्या उशाशी बसून मी पेपर वाचून दाखवत होते.

गावाचा राग तर वेगळाच आहे. तुमच्या सिरिंजा कोणत्या पाण्यात उकळत होत्या? आपल्याच. स्टोव्हवर पातेलं मी ठेवायची. त्या पाण्यातून काढलेली सुई गावातल्या एकूण एक दंडात गेली, तेव्हा कोणी तुमचं मनगट धरलं नाही. तुमच्या मातीला सगळं गाव आलं. मे महिना होता, ऊन असं की पायाखाली धूळ भाजत होती. आईने येणाऱ्यांसाठी दारात रांजण भरून ठेवला होता, वर नवा पेला. संध्याकाळी मी पाहिलं, रांजण तोंडापर्यंत भरलेला. मी चौदा वर्षांची होते आणि मला वाटलं, दुःखात माणसांना तहान लागत नसेल. लेखाचा शेवट मी त्यावरच केला आहे. ‘सारा गाव तहान विसरला होता.’ स्मरणिका वाचून लोकांनी मला सांगितलं की शेवट फार हृद्य झाला. ही तिसरी चूक.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते फॅक्टरीच्या बसला निघाले होते, डबा हातात. म्हणाले, “लोकं चांगलं बोलून राहिले, नाव देऊन राहिले, तू काहून उकरून राहिली? उद्या कमानही नाही होणार.” नको होऊ दे. तुमच्या नावाची कमान उभी राहावी आणि तिच्या पायाखाली तुमची विहीर गाडली जावी, याहून मला कोपऱ्यातली विनानावाची विहीर बरी वाटते. खोटं तुमच्या-माझ्यापुरतं राहिलं असतं तर मी ते पोटात घातलं असतं. पण मी ते छापलं, आणि छापलेलं आता ठरावाला जोडलं आहे.

म्हणून झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेला जाणार आहे. काकीला निरोप गेला आहे, ती टोलीच्या बायांना घेऊन येईल. विहिरीचं पाणी सगळ्यांसमोर काढून बाटलीत भरायचं, साबणाचा कीस टाकायचा, आणि फेस दाखवायचा. मग माझं वाक्य मी स्वतः वाचून खोडायचं आणि लोक पाणी का आणत होते ते सांगायचं. तरीही अध्यक्ष म्हणाले की पाणी कामाचं नाही, तर त्या पावसाळ्याची गोष्ट सांगणार आहे. इथे मी खूप अडखळले. पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नाही. मी पोरीचं नाव घेणार नाही, कोणाची तेही सांगणार नाही. एक लेकरू या पाण्यावर जगलं, एवढंच म्हणेन. बाकीच्यांना कळलं नाही तरी चालेल. ज्यांनी मनगट धरलं होतं त्यांना कळेल. त्यांचा डोस संपला, आबाजी. शेवटची खाच कधीच ओलांडली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकायला जागा असती तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही ते वाचून चूक म्हणून कशाखाली रेघ ओढाल याची मला अजून भीती वाटते. आणि एक कबूल करते. छाती साफ आहे हे कळूनही, हे लिहिताना रुमाल गळ्यालाच आहे. सकाळची पहिली बस थंडीत निघते, लाखोळीच्या वावरांवर धुकं असतं. तो बांधूनच जाईन, गुरुवारी, सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनाच्या आधी पोहोचेन अशी.